रात्री कोण जागं राहणार?

मेढा, मालवण

चि. बाय,

तुझा लांबलचक निरोप वाचला. आचऱ्याचं थोरलं घर डागडुजी करून उघडायचं, तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी दहा-बारा खाटांची सोय करायची, तुझं नर्सिंगचं शिक्षण गावातच कामी आणायचं, आणि भावकीने चक्क होकार दिला आहे. वाचून जीव सुखावला. शेवटी तू विचारलंस, "परवाना कुठला लागतो ते कुणी धड सांगत नाही. एक जण म्हणाला, ट्रस्ट नोंदवा आणि सुरू करा. खरंच एवढंच?"

जवळजवळ एवढंच. आणि म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

संस्था नोंदवायची तर 1860 चा संस्था नोंदणी कायदा आहे, 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. धर्मादाय कार्यालयाला दरवर्षी हिशेब द्यावा लागेल. पैसा कुठून आला, कुठे गेला, हे तुला विचारलं जाईल, आणि ते योग्यच आहे. पण रात्री दोन वाजता एखादी नव्वदीतली बाई न्हाणीकडे जायला उठली, तर तिच्याबरोबर कोण असेल, हे त्या कागदांत कुठेही विचारलेलं नाही. तू उद्या छोटं रुग्णालय काढलंस तर 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागेल, पात्र परिचारिका किती ते दाखवावं लागेल. जिथे माणूस तीन दिवस राहून घरी जातो तिथे एवढी विचारपूस. जिथे तो उरलेलं सगळं आयुष्य काढणार, तिथे आधी नोंदणी, मग तपासणी, गैर आढळलं तर टाळं, असं बंधन घालणारा देशभराचा कायदा आजही नाही.

तुझ्या बेतामागची गरज मला पटवून द्यायला नको. 2001 च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्गात 8,68,825 माणसं होती, 2011 ला 8,49,651. सगळा देश वाढत असताना आपला जिल्हा घटला. तरणीताठी मुंबईला, गोव्याला, आखातात गेली, मागे राहिली ती आम्ही. चतुर्थीला घरं भरतात, गणपती पाण्यात गेले की पुन्हा एका दिव्याची होतात. मसुऱ्याला, चिंदरला, काट्ट्याला वाडीवाडीत अशी घरं आहेत, की ज्यांत एकटी म्हातारी राहते आणि तिचा झील डोंबिवलीहून रोज संध्याकाळी फोन करतो. तो वाईट नाही. फोनवरून पाय घसरलेला दिसत नाही, इतकंच. पूर्वी शेजारची सून भाजी द्यायला यायची आणि जाता जाता बघून जायची. आता शेजारच्या घरालाही कुलूप आहे.

तेव्हा तू हे काम कर. मात्र ते कशाच्या भरवशावर चालेल, ते आधी ठरव. तुझ्या चांगुलपणाच्या भरवशावर चालणार असेल, तर माझा त्याला विरोध आहे. तू चांगली आहेस हे मला ठाऊक आहे. आचऱ्याच्या त्या खाटेवर पडलेल्या परक्या माणसाला ते ठाऊक नसतं, आणि तू आजारी पडलीस, लग्न होऊन गेलीस, किंवा पैसे संपले म्हणून दुसऱ्याच्या हाती चावी दिलीस, तर तुझा चांगुलपणा तुझ्याबरोबर जातो. नियम मागे राहतो.

आता कायद्यात आहे काय, ते सांगते. 2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. महाराष्ट्रात तो 2009 पासून लागू आहे, नियम 2010 चे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. आपल्याला त्यासाठी कुडाळ. वकील लागत नाही, नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी तीस दिवस. महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळू शकतात. ही मर्यादा 2007 ची आहे, औषधांचे भाव मात्र आजचे.

याच कायद्यातलं कलम 23 आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं आहे. तारकर्ली-देवबागला जमिनीला भाव आला, घराघरांत न्याहारी निवास झाले, आणि म्हाताऱ्यांनी बक्षीसपत्रं करून दिली. समुद्राकडची खोली पाहुण्यांना गेली आणि म्हातारा मागच्या पडवीत. कलम 23 म्हणतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, आणि 2025 च्या जानेवारीत सांगितलं की या कलमाचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावला पाहिजे. तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे सांग. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. आणि तुझ्या संस्थेपुरतं आजच लिहून ठेव, की तू, तुझ्या घरचं कुणी किंवा कामावरचं कुणी, तिथे राहणाऱ्याच्या मृत्युपत्रात किंवा बक्षीसपत्रात लाभार्थी असणार नाही. कुणी प्रेमाने दिलं तरी नाही. पासबुक आणि एटीएम कार्ड ज्याचं त्याच्या उशाशी. अंगठा घ्यायची वेळ आली तर बाहेरचा साक्षीदार हवा.

या कायद्यातला पैशाचा भाग भक्कम आहे, सांभाळण्याचा भाग पातळ आहे. कलम 19 सरकारला मुभा देतं की प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचा एक वृद्धाश्रम काढावा, आणि त्यांचा दर्जा काय असावा ते ठरवावं. सक्ती नाही. 2019 च्या डिसेंबरात या कायद्याची दुरुस्ती लोकसभेत आली. त्यात वृद्धनिवासांची नोंदणी होती, किमान दर्जा होता, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांचीही नोंदणी होती, दहा हजारांची मर्यादाही काढलेली होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, तिचा अहवाल आला, आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते विधेयक व्यपगत झालं. रस्त्यावर त्यासाठी कुणी उतरलं नाही. ज्यांच्यासाठी ते होतं, त्यांना उतरता येत नाही.

दरम्यान 2024 मध्येच बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक सूचना दिल्या. दार किमान 900 मिलिमीटर रुंद हवं, चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट हवी, जिना किती रुंद असावा, हे सगळं त्यात आहे. चांगलं काम झालं, तूही त्या सूचना वाच आणि आचऱ्याची दारं मापून घे. पण बघ, दाराची रुंदी ठरली आणि त्या दारातून आत जाऊन म्हाताऱ्याची कूस बदलणाऱ्याचं काही ठरलं नाही. घर विकत घेणाऱ्या सधन ज्येष्ठाला निदान दाद मागायची जागा मिळाली. महिना काही हजार भरून, किंवा काहीच न भरता, एखाद्या आश्रमात राहणाऱ्याला ती नाही.

कुणी विचारणारं नसलं की काय होतं, ते 2025 च्या जूनमध्ये नोएडात दिसलं. तिथल्या एका वृद्धाश्रमावर राज्य महिला आयोगाने छापा घातला, तेव्हा म्हातारी माणसं कोंडलेली आढळली, कुणाचे हात बांधलेले, अंगावर धड कपडे नाहीत. कुटुंबं पैसे भरत होती. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात 2021 च्या नोव्हेंबरात साठाहून अधिक जणांना एकदम कोरोना झाला. तिथे क्रौर्याचा प्रश्न नव्हता. एका छपराखाली इतकी अशक्त माणसं असली की एकाचा खोकला सगळ्यांचा होतो, एवढंच त्यातून घ्यायचं, आणि एक खोली वेगळी, रिकामी ठेवायची.

हे गरीब देशातच होतं असं समजू नकोस. ऑस्ट्रेलियात सरकारचा भरपूर पैसा, तपासणी अधिकारी, सगळं असताना दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओकडेन नावाच्या सरकारी वृद्धनिवासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे इतके हाल झाले की 2017 मध्ये ते बंद करावं लागलं. मग 2018 मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या अंतरिम अहवालाचं नाव एका शब्दाचं होतं, हेळसांड. 2021 च्या मार्चमध्ये अंतिम अहवाल आला, त्यात 148 शिफारशी. त्यातून जे नियम आले त्यांतला एक मला फार आवडतो. दर माणसामागे रोज सरासरी किती मिनिटं प्रत्यक्ष सेवा मिळाली पाहिजे ते तिथे ठरवून दिलं. 2023 च्या ऑक्टोबरपासून 200 मिनिटं, त्यांतली 40 नोंदणीकृत परिचारिकेची. पुढच्या वर्षी ती 215 आणि 44 झाली. आणि वृद्धनिवासात परिचारिका चोवीस तास हजर हवी. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या आजी-आजोबांनाही हे लागू आहे. आचऱ्याच्या आजीला नाही.

मिनिटं मोजणं तुला कोरडं वाटेल. मला वाटत नाही. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं. माया मोजता येत नाही, ती कमी पडली हेही कुणाला दाखवता येत नाही. मिनिटं मोजता येतात.

आता तुझ्या घराकडे येते.

रात्रीपासून सुरू कर. वृद्धाश्रम बघायला येणारे सगळे दिवसा येतात. पाहुणे, देणगीदार, वाढदिवस साजरा करायला आलेली मंडळी, सगळी अकरा ते पाचच्या दरम्यान. तेव्हा चादरी पांढऱ्या असतात, वाफाळती पेज असते, कुणी भजन म्हणतं. म्हातारं माणूस पडतं ते पहाटे. लघवीला उठतं, झोपेची गोळी अंगात असते, दिवा लांब असतो, चप्पल सापडत नाही. आपल्या चिऱ्याच्या घरांत न्हाणी मागीलदारी, दोन पायऱ्या उतरून, आणि आषाढ-श्रावणात त्या पायऱ्यांवर शेवाळ. त्या पायऱ्या तू आधी काढ. न्हाणी आत आण, जमीन खरबरीत कर, संडासच्या दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के दांडे बसव, रात्रभर मंद दिवा ठेव आणि त्याला इन्व्हर्टर जोड. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर अनेक जण पुन्हा चालत नाहीत. आणि रात्री एक जागं माणूस पुरत नाही. एकाला उचलायला दोघं लागतात, आणि ती दोघं एकाकडे असताना दुसऱ्या खोलीतून हाक आली तर?

माणूस कमी पडला की बांधणं सुरू होतं. हे मी तुला स्पष्ट सांगते, कारण बांधणारे राक्षस नसतात. बारा तासांच्या पाळीने दमलेली, दोन खोल्यांत एकटी असलेली, हाताशी कुणी नसलेली बाई असते. आजोबा सारखे उठतात, पडतील म्हणून पदराने खाटेला मनगट बांधते. दुसऱ्या दिवशीही बांधते. मग तो रिवाज होतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे गोळी. म्हातारं शांत झालं की सगळ्यांना बरं वाटतं, आणि त्या गोळीनेच ते दुसऱ्या दिवशी पडतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली आहे, आणि अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक केली आहे. स्मृतिभ्रंशाची माणसं घेणार असशील तर आधी तो कायदा वाच आणि मानसोपचारतज्ज्ञाशी बोल. एखादं माणूस एकाएकी बरळायला लागलं तर वेड लागलं म्हणून गोळी देऊ नकोस. लघवीचा संसर्ग बघ, सोडियम बघ, पाणी किती प्यालं ते बघ. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते. तुला हे कॉलेजात शिकवलं असेल, पण तुझ्या हाताखाली येणाऱ्या मावश्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

एक प्रसंग सांगते. नाव-गाव सांगणार नाही. मी नोकरीत असताना एका म्हाताऱ्या बाईला रुग्णालयात आणलं होतं. बरोबर आलेला माणूस सांगत होता, काल संध्याकाळपर्यंत ठीक होती. तिला कुशीवर वळवलं तर माकडहाडाशी माझी मूठ मावेल एवढी जखम होती आणि आत हाड दिसत होतं. अशी जखम एका रात्रीत होत नाही. आधी तिथे लाल डाग पडतो, बोटाने दाबला तरी पांढरा होत नाही. तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलली, अंग कोरडं ठेवलं, पोटात नीट अन्न गेलं, तर तो बहुतेकदा जातो. म्हणजे कितीतरी दिवस कितीतरी जणांनी त्या बाईची चादर बदलली होती आणि पाठ बघितली नव्हती. किंवा बघितली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी नव्हतं. ती वारली. दाखल्यावर वय आणि अशक्तपणा आला.

म्हणून वही ठेव. भिंतीवर फळा नको, पानांना आकडे घातलेली वही. कुणाची कूस कधी बदलली, कुणाला कुठली गोळी कुणी दिली, कोण कुठे पडलं, दर महिन्याला प्रत्येकाचं वजन. वजनाचा काटा बोलतो, बाय. ताट रिकामं परत गेलं म्हणजे माणूस जेवलं असं नसतं. कवळी बसत नसेल, भरवणाऱ्याला घाई असेल, अर्धांगवायूनंतर गिळता येत नसेल. अशाला पाठ ताठ करून बसवून भरवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. तीन महिन्यांत एखाद्याचं वजन सारखं उतरत असेल तर तुझ्या स्वयंपाकघरात किंवा त्याच्या शरीरात काहीतरी बिघडलं आहे. काय, ते शोध. प्रत्येक मृत्यूच्या वेळी तुझ्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने येऊन देह बघितला पाहिजे.

वही लिहून कपाटात ठेवलीस तर ती खोटी व्हायला वेळ लागत नाही. ती बाहेरच्या माणसाने उघडली पाहिजे. तू स्वतःहून एक समिती बोलाव: गावातली आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातलं कुणीतरी, शाळेतून निवृत्त झालेलं कुणी, आणि राहणाऱ्यांपैकी एखाद्याचा नातेवाईक. त्यांनी न सांगता यावं. रात्रीसुद्धा. त्यांनी राहणाऱ्यांशी एकांतात बोलावं, तू दाराशी उभी नसताना. यात तुझा अपमान नाही. तुझ्या वैऱ्याने एखादी खोटी तक्रार केली तर हीच वही आणि हीच माणसं तुझ्या बाजूने उभी राहतील. तक्रारीचा क्रमांक भिंतीवर लाव, पण खाटेवर बसलेल्याला वाचता येईल एवढ्या उंचीवर आणि एवढ्या मोठ्या अक्षरांत. ज्येष्ठांसाठी 14567 ही देशभराची हेल्पलाइन आहे. आणि हाताशी फोन हवा. तक्रार करायला त्याच मालकिणीचा मोबाईल मागावा लागत असेल तर तो क्रमांक शोभेचा.

तुला लोक सांगतील, इतके नियम लावले तर लहान आश्रम बंद पडतील आणि म्हातारी माणसं रस्त्यावर येतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पणदूरच्या संविता आश्रमासारख्या ठिकाणी रस्त्यावर सापडलेली, कुणी न विचारणारी माणसं आणली जातात. तिथे कागद मागत बसलं तर माणूस रस्त्यावरच मरेल. निराधारांना मिळणारं मासिक अर्थसाहाय्य 2023 मध्ये हजाराचं दीड हजार झालं. दीड हजारात महिनाभर औषधं, दूध आणि लंगोट येत नाहीत, दोन रात्रपाळीच्या मावश्या तर सोडच. तेव्हा नियम करणाऱ्या सरकारने पैसाही घातला पाहिजे. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून प्रोव्हेदोरिया ही सरकारी साहाय्य संस्था वृद्धाश्रम चालवत आली आहे. तिथे कमतरता असतील, पण हे काम सरकारचं आहे हे तिथे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. आपल्याकडेही 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली होती. म्हणजे आपल्यालाही ते अनोळखी नाही.

माझं मत असं, की लहान आश्रमाला इमारतीच्या बाबतीत सवलत द्यावी, मुदत द्यावी, अनुदान द्यावं. लिफ्ट नसली तरी चालेल, सगळ्यांना तळमजल्यावर ठेवा. पण रात्री जागं माणूस, बांधण्याला बंदी आणि बाहेरच्याला उघडं दार, यांत सवलत नाही. या तिन्हींसाठी चिरेबंदी इमारत लागत नाही.

आणि मावश्यांबद्दल. ज्यांना आपण आया म्हणतो, आया पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येतात त्या. बारा तासांची पाळी, कधी चोवीस तासांची, प्रशिक्षण नाही, आजारपणाची रजा नाही, ब्युरोचा वाटा कापून हातात पडेल ते. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली माहिती अंगावर येते. वृद्धनिवासांतल्या कर्मचाऱ्यांना विचारलं, तर दर तिघांत दोघांनी मान्य केलं की गेल्या वर्षभरात आपल्या हातून राहणाऱ्यांशी कुठल्या ना कुठल्या प्रकारे गैर वागणं घडलं. दर तिघांत दोघं! इतकी माणसं जात्याच वाईट नसतात. म्हणून तुझ्या खर्चाच्या कागदावर पहिली ओळ मावश्यांच्या पगाराची लिही. आठ तासांची पाळी ठेव. माणूस कसा उचलायचा ते शिकव, नाहीतर सहा महिन्यांत त्यांची कंबर जाईल. पगार परवडत नसेल तर खाटा कमी कर. दहाच्या जागी सहा घे.

घरी राहणाऱ्यांना विसरू नकोस, तीच संख्येने जास्त आहेत. महाराष्ट्राच्या 2010 च्या नियमांत आहे की प्रत्येक पोलिस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि शक्यतो समाजसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांच्या घरी जाऊन यावं. हा नियम गावात किती जणांना माहीत आहे, ते तूच विचारून बघ. ग्रामसभेत उठून विचार की आपल्या गावाची यादी कुठे आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईल बंद, माड रस्त्यावर आडवे. कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये तापलं, कुणाचा प्राणवायूच्या यंत्राचा आधार तुटला, हे कळायला यादी हवी होती. इन्सुलिन मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात गार ठेवता येतं, हे सांगायला तरी कुणी घरी पोहोचायला हवं होतं. तुझं घर झालं की आचऱ्याच्या आसपासच्या एकट्या माणसांची यादी तू कर. त्यातले निम्मे तुझ्याकडे राहायला येणार नाहीत, येऊही नयेत. ज्याला आपल्या ओट्यावर बसून मरायचं आहे, त्याला तो हक्क आहे. त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा कुणी जाऊन रक्तदाब बघितला आणि पाठ बघितली, तर तीही सांभाळण्याचीच रीत आहे.

बोलता बोलता एक राहिलं. सुरक्षिततेच्या नावाखाली म्हाताऱ्यांचं जगणं काढून घेऊ नकोस. पडेल म्हणून चालू द्यायचं नाही, ठसका लागेल म्हणून मासे द्यायचे नाहीत, सर्दी होईल म्हणून खळ्यात बसू द्यायचं नाही, असं करणारे आश्रमही मी पाहिले आहेत. तिथे कुणी पडत नाही आणि कुणी बोलतही नाही. काटे काढलेला पेडवा आणि मऊ भात देता येतो. रापण ओढायला आयुष्य घातलेल्या माणसाला सकाळी किनाऱ्यावर नेऊन आणता येतं. केव्हा उठायचं, अंघोळ केव्हा, कुणाच्या शेजारी बसायचं, हे त्याने ठरवावं. नियमांच्या कागदावर हेही लिही, म्हणजे तुझ्यानंतर येणाऱ्यालाही ते पाळावं लागेल.

आमदार-खासदारांना आपण पत्रं लिहू. ते व्यपगत झालेलं विधेयक नव्याने, अधिक चांगलं करून यावं, आणि तोवर राज्याने आपल्यापुरते नोंदणीचे, तपासणीचे नियम करावेत, अशी मागणी मी लिहून ठेवली आहे. खाली सही करणारी आम्ही म्हातारी माणसं मालवणात पुष्कळ आहोत. पण आमच्या सह्यांना वजन येण्यासाठी तुझ्यासारख्या, आश्रम चालवू पाहणाऱ्यांच्या सह्या हव्यात. ज्याच्यावर नियम लागणार तोच नियम मागतो आहे, हे ऐकल्यावर कुणाला सहज नाही म्हणता येणार नाही. तुझ्या नर्सिंगच्या मैत्रिणींनाही विचार.

आचऱ्याच्या घराला रंग नंतर दे, नावाची पाटी नंतर लाव. आधी रात्रपाळीची दोन माणसं नेमून त्यांचा वर्षभराचा पगार बाजूला ठेव. तो जमेपर्यंत एकाही म्हाताऱ्या माणसाला आत घेऊ नकोस.

तुझी,
आत्याआजी